सूर्य एकच, बिले दोन : ऊर्जेच्या अभ्यासक्रमात सीमाभागाचे गणित हवे

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने निघाले की बाची संपते आणि शिनोळी लागते. मधे फक्त राज्याची हद्द. ऊन दोन्ही गावांत सारखेच पडते, पाऊसही सारखाच. पण बाचीच्या घरावर हेस्कॉमचा मीटर आहे आणि शिनोळीच्या घरावर महावितरणचा. त्यामुळे 'छपरावर सौर पॅनेल बसवायचे का?' या एकाच प्रश्नाचे उत्तर दोन गावांत दोन प्रकारचे येते. एका ठिकाणी हिशेब चार-पाच वर्षांत जुळतो, दुसऱ्या ठिकाणी तो जन्मात जुळत नाही.

पॅनेल तेच, इन्व्हर्टर तोच, केंद्राचे अनुदानही तेच. फरक आहे तो दराचा आणि सरकारी धोरणाचा. नवीकरणीय ऊर्जेच्या पदव्युत्तर शिक्षणात नेमका हाच भाग तोंडी लावण्यापुरता असतो. सौरघट कसा काम करतो, पवनचक्कीचे पाते किती कोनात फिरते, बायोगॅसच्या टाकीत काय घडते, हे सविस्तर शिकवले जाते. ती वीज कोण, किती दराने, किती वर्षांसाठी घेणार आणि त्याचा भार कोणावर पडणार, हा भाग शेवटच्या एखाद्या प्रकरणात उरकतो.

बेळगाव हे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय. राज्यभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचा अभ्यासक्रम इथून ठरतो. म्हणून नवीकरणीय विजेचे तंत्र आणि अर्थकारण एकत्र शिकवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम कसा असावा, हा प्रश्न इथे विचारणे रास्त आहे. त्या अभ्यासक्रमाला लागणारी उदाहरणे परदेशी पुस्तकांत शोधायची गरज नाही. ती याच जिल्ह्याच्या शिवारात पडून आहेत.

ऊन फुकट, व्याज नाही

कोळशाच्या प्रकल्पात रोजचा खर्च इंधनाचा. सौर प्रकल्पात इंधन फुकट, पण जवळपास सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो. तो पैसा बहुतेक वेळा कर्जाचा असतो. म्हणून सौर विजेचा दर उन्हापेक्षा व्याजावर जास्त अवलंबून असतो.

एक साधे गणित पाहा. एक मेगावॅटच्या प्रकल्पाला ४ कोटी रुपये लागले असे धरू. प्रकल्प वर्षभर पूर्ण क्षमतेने चालत नाही. रात्र असते, ढग असतात. क्षमतेच्या २० टक्के वापर धरला तर वर्षाला १७ लाख ५२ हजार युनिट मिळतात. भांडवल २५ वर्षांत ९ टक्के व्याजाने फेडायचे तर वर्षाला सुमारे ४० लाख ७० हजार रुपये, म्हणजे युनिटमागे २ रुपये ३२ पैसे. व्याज १२ टक्के झाले की तोच आकडा २ रुपये ९१ पैशांवर जातो. पॅनेल बदलले नाही, ऊन बदलले नाही, तरी युनिट ५९ पैशांनी महागले. देखभाल, जमीन आणि विमा यांचा खर्च याखेरीज.

देशातील सौर विजेच्या दराची घसरण याच चष्म्यातून वाचावी लागते. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या लिलावात सरासरी दर १२ रुपयांच्या वर होता. २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे तो २ रुपये ४४ पैशांवर आला आणि २०२० च्या अखेरीस गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला. यात पॅनेल स्वस्त होण्याचा वाटा मोठा आहेच. पण वीज खरेदीची २५ वर्षांची हमी आणि त्या हमीवर मिळणारे स्वस्त कर्ज यांचाही वाटा आहे. वीज कंपनी पैसे वेळेवर देत नाही अशी शंका आली की बँक व्याज वाढवते आणि दर पुन्हा चढतो. हे ज्याला कळत नाही, तो अभियंता प्रकल्प उभा करील. प्रकल्प टिकेल का, हे त्याला सांगता येणार नाही.

दोन घरांचा हिशेब

आता बाची आणि शिनोळीकडे वळू. दोन्ही घरांचा वापर महिन्याला १८० युनिट आहे असे समजू. दोन किलोवॅटचे पॅनेल दिवसाला साधारण आठ, म्हणजे महिन्याला २४० युनिट देते. दोघांची गरज त्यात भागते. बसवण्याचा खर्च १ लाख ३० हजार रुपये धरला, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून दोन किलोवॅटला ६० हजारांचे अनुदान मिळते. घराच्या खिशातून जाणार ७० हजार.

महाराष्ट्रात १०० युनिटांच्या वर गेले की दर एकदम चढतो. शिनोळीच्या घराला सगळे धरून सरासरी ८ रुपये पडतात असे मानले, तर महिन्याची बचत १,४४० आणि वर्षाची १७ हजारांवर. ७० हजार चार वर्षांच्या आसपास सुटतात. पॅनेल पुढे वीसेक वर्षे चालते. सूर्यघर योजनेत गुजरातपाठोपाठ महाराष्ट्र आघाडीवर का, याचे एक कारण इथे दिसते.

बाचीच्या घराला २०२३ पासून गृहज्योती योजना लागू आहे. आधीच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून ठरलेल्या मर्यादेत, कमाल २०० युनिटांपर्यंत, बिल शून्य. मुळात बिलच नाही तर पॅनेलमुळे वाचणार काय? ७० हजार घातले तर बचत शून्य. त्या घराने पॅनेल बसवले नाही म्हणून त्याला कोणी अडाणी म्हणू नये. त्याचे गणित अगदी बरोबर आहे.

मात्र ही वीज फुकट नाही. तिचे पैसे राज्य सरकार हेस्कॉमला देते. युनिटला ६ रुपयांच्या हिशेबाने या एका घरासाठी वर्षाला सुमारे १३ हजार रुपये होतात. घराचा वाटा असलेले ७० हजार सरकारनेच भरले असते, तर साध्या बेरजेने साडेपाच वर्षांत आणि ९ टक्के व्याज धरून पावणेआठ वर्षांत ते वसूल झाले असते. त्यानंतर सरकारचा भारही संपला असता आणि घराचे बिलही शून्यच राहिले असते.

मग गृहज्योती बंद करून सगळ्यांच्या छपरावर पॅनेल बसवावे का? इतके सोपे नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला छप्पर नसते. कौलारू घराच्या छपराला पॅनेलचे वजन पेलेलच असे नाही. शिवाय सरकारला एका वर्षात सगळ्या घरांचे पैसे एकरकमी काढावे लागतील, तेवढी तिजोरी कुठून आणायची? गरीब घराला आजच्या आज दिलासा देणे हे योजनेचे मोल आहेच. पण टप्प्याटप्प्याने, ज्यांचे छप्पर योग्य आहे त्यांच्यापासून सुरुवात करता येईल का, कोणत्या तालुक्यात किती खर्च येईल, हे मोजता येते. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधाला याहून चांगला विषय कोणता असेल?

दुपारची वीज आणि रात्रीची गरज

वीज ही धान्यासारखी पोत्यात भरून ठेवता येत नाही. त्यामुळे युनिट किती रुपयांचे, याबरोबरच ते कधी मिळते याला महत्त्व आहे. जुलै २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगरजीवाश्म स्रोतांची झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. आकडा खरा आहे. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. क्षमता आणि निर्मिती यातला हा फरक ज्याला उलगडून सांगता येतो, त्याचा अर्धा अभ्यासक्रम झाला म्हणायचे.

सौर वीज दुपारी भरपूर येते. वीजबाजारात त्या वेळी दर दोन-तीन रुपयांपर्यंत आणि कधी त्याहूनही खाली उतरतो. दिवेलागणीला सूर्य मावळतो, पंखे-टीव्ही सुरू होतात आणि दर कधीकधी १० रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो. केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल करून सौर तासांत दर किमान २० टक्के कमी आणि गर्दीच्या तासांत जास्त ठेवायचे ठरवले, ते यासाठीच. स्मार्ट मीटर आल्यावर गिरणी दुपारी चालवायची की संध्याकाळी, हाही हिशेबाचा प्रश्न होणार आहे.

दुपारचे युनिट रात्रीपर्यंत नेण्याचे दोन मार्ग आहेत. एक बॅटरी, दुसरा पंप्ड स्टोरेज. दुसऱ्यात स्वस्त विजेवर पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज काढायची. या व्यवहारात शंभर युनिट घातले की ७५ ते ८० परत मिळतात. म्हणजे अडीच रुपयांना घेतलेले युनिट परत येताना सव्वातीन रुपयांच्या आसपासचे झालेले असते. धरण-बोगद्याचे भांडवल वेगळेच. जिल्ह्यात सौंदत्ती परिसरात असा प्रकल्प आकाराला येत आहे. शरावती खोऱ्यातील २,००० मेगावॅटच्या प्रकल्पाला घाटातील जंगलाच्या कारणाने विरोध झाला. जंगलाची किंमत युनिटच्या दरात धरायची की नाही, हाही अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर फक्त अभियंत्याने द्यायचे नसते.

शेतीपंपांचे गणितही वेळेचेच. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे, पण ती अनेकदा रात्रीच्या पाळीत मिळते. साप-विंचवाच्या भीतीने बॅटरी हातात धरून मोटार चालू करायला जाणे शेतकऱ्याला नवे नाही. कुसुम योजनेच्या 'क' घटकातून फीडर सौरऊर्जेवर आणले की दुपारची स्वस्त वीज दुपारीच, गावाजवळच वापरली जाते. वहनातली गळती कमी होते, सरकारचा अनुदानाचा बोजा हलका होतो आणि शेतकऱ्याची झोप वाचते. एक धोका मात्र राहतो. दिवसा मुबलक आणि फुकट वीज मिळाली की बोअरवेल जास्त उपसली जाते. विजेचे गणित सुटले आणि पाण्याचे बिघडले, असे होऊ नये. हे दोन्ही हिशेब एकाच वहीत मांडायला शिकवले पाहिजे.

उसाच्या चिपाडातली वीज

सौरऊर्जेच्या गाजावाजात बेळगाव जिल्ह्याची स्वतःची नवीकरणीय वीज विसरली जाते. ती साखर कारखान्यांत तयार होते. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के बगॅस निघते. तीच बॉयलरमध्ये जाळून कारखाना आपली गरज भागवतो आणि उरलेली वीज ग्रीडला विकतो.

ही वीज हंगामात, म्हणजे हिवाळ्यात मिळते. पवनचक्क्या पावसाळ्यात जोमाने फिरतात, तर सहवीज प्रकल्प तेव्हा बंद असतात आणि वारा मंदावल्यावर सुरू होतात. शिवाय बॉयलर रात्रीही धगधगत असतो. म्हणजे संध्याकाळी सात वाजताचे महागडे युनिटही तो देऊ शकतो. मग त्याच्या युनिटचा दर दुपारच्या सौर युनिटशी तोलून ठरवणे कितपत योग्य? आणि तो दर वाढवून मिळाला तर त्यातला वाटा उसाच्या टनामागे शेतकऱ्याला किती मिळावा?

हा दुसरा प्रश्न पुस्तकी नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यातील गुर्लापूर येथे ऊस उत्पादकांनी टनाला ३,५०० रुपयांची मागणी करत आंदोलन केले. महामार्ग अडले, वातावरण तापले आणि अखेर ३,३०० रुपयांवर तोडगा निघाला. कारखानदार सांगतात, परवडत नाही. शेतकरी सांगतात, साखरेबरोबर इथेनॉल आणि वीजही विकता, त्याचे काय? रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर आणि प्रमुख उपपदार्थांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा शेतकऱ्याला देण्याचे सूत्र सुचवले होते. ते सूत्र लावायचे तर कारखान्याने किती युनिट विकले आणि कोणत्या दराने, हे आधी समजले पाहिजे. आंदोलनाच्या मंडपात हा ताळेबंद वाचून दाखवणारा एखादा ऊर्जा-अर्थशास्त्र शिकलेला तरुण असता, तर घोषणांना आकड्यांचे बळ मिळाले असते.

भाडेपट्ट्याचा कागद

सौर प्रकल्पाला जमीन लागते. तुमकूर जिल्ह्यातील पावगडचे सौर उद्यान सुमारे १३ हजार एकरांवर, २,०५० मेगावॅटचे आहे. तिथे सरकारने जमीन संपादित न करता भाड्याने घेतली. एकरी वर्षाला २१ हजार रुपये, दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ, मुदत २८ वर्षे. दुष्काळी भागातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे पैसे म्हणजे आधार वाटला, आणि तो होताही. ज्यांची स्वतःची जमीन नव्हती, त्या मजुरांना मात्र भाडे मिळण्याचा प्रश्नच नव्हता. शेतातले काम तेवढे गेले.

आता वाढीचे कलम पाहा. दोन वर्षांना ५ टक्के म्हणजे वर्षाला अडीच टक्क्यांहूनही किंचित कमी. महागाई रिझर्व्ह बँकेच्या उद्दिष्टाइतकी, म्हणजे ४ टक्के राहिली, तरी २४ वर्षांनी आजच्या २१ हजारांच्या तोलाला सुमारे ५३ हजार ८०० रुपये लागतील. करारानुसार मिळतील ३७ हजार ७००. म्हणजे भाड्याचे खरे मोल ३० टक्क्यांनी घटलेले असेल. आकडा वाढत राहतो, किंमत कमी होत राहते.

महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरली. एकरी ते ५० हजारांच्या आसपास जाते. दोन्ही योजनांचा काळ आणि जमिनीचा प्रकार वेगळा आहे, त्यामुळे सरळ तुलना करता येत नाही. पण सीमेच्या अलीकडचा शेतकरी पलीकडचा आकडा ऐकणारच आणि विचारणारच.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. करारपत्र कन्नड किंवा इंग्रजीत, आणि सही करणारा अनेकदा मराठी शेतकरी. 'अहो, सही करा, काही होत नाही,' या भरवशावर २८ वर्षांचा कागद होतो. मुदत संपल्यावर पॅनेल कोण काढणार, कंपनी मधेच दुसऱ्याने घेतली तर भाडे कोण देणार, जमिनीवर कर्ज काढता येईल का, ही कलमे वाचून मराठीत समजावणारा माणूस गावात हवा. तो वकीलच असला पाहिजे असे नाही. विजेचे अर्थकारण शिकलेला गावचाच पदवीधर हे काम करू शकतो.

साताऱ्याचा जुना धडा

सरकारी सवलत चुकीच्या ठिकाणी बांधली की काय होते, हे साताऱ्याच्या वनकुसवडे पठाराकडे पाहून शिकता येते. नव्वदच्या दशकात देशात पवनचक्क्यांना पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळत असे. कर वाचवण्यासाठी अनेकांनी पवनचक्क्या उभारल्या. चक्की उभी राहिली की सवलत मिळे. ती किती फिरते, याला महत्त्व नव्हते. पुढे २००९ मध्ये युनिटमागे प्रोत्साहन देण्याची पद्धत आली, तेव्हा कुठे फिरण्याला किंमत आली. सवलत यंत्राला द्यावी की युनिटला, हा प्रश्न आजही छतावरच्या पॅनेलपासून बॅटरीपर्यंत तसाच लागू आहे.

अभ्यासक्रमात काय हवे?

एवढ्यावरून चौकट स्पष्ट होते. पहिल्या सत्रात तंत्र हवेच. त्याला पर्याय नाही. पण त्याबरोबर व्याज, घसारा आणि आजच्या-उद्याच्या पैशाचे मोल शिकवणारा पेपर सक्तीचा हवा. दुसऱ्या सत्रात दरनिश्चितीचा आदेश प्रत्यक्ष वाचायला लावावा. वीज नियामक आयोगाचा आदेश शेकडो पानांचा असतो, पण आपल्या बिलातला प्रत्येक आकडा तिथूनच येतो. तिसऱ्या सत्रात एक साखर कारखाना, एक शेतीचा फीडर आणि एक गाव असा क्षेत्राभ्यास हवा. शेवटी सीमेच्या दोन्ही बाजूंची तुलना करणारा प्रबंध. देशात दोन राज्यांची धोरणे अशी हाकेच्या अंतरावर तपासता येतील अशा जागा फार नाहीत.

प्रवेशही फक्त इलेक्ट्रिकलवाल्यांपुरता ठेवू नये. वाणिज्य, कृषी आणि अर्थशास्त्राच्या पदवीधरांना पूर्वतयारीचे वर्ग देऊन सामावून घेता येईल. नोकऱ्यांचे स्वरूपही तेच सांगते. पॅनेल बसवायला आयटीआय झालेला कुशल मुलगा पुरतो. बँकेला मात्र प्रकल्प अहवाल तपासणारा हवा, वीज कंपनीला उद्याच्या मागणीचा अंदाज बांधणारा हवा, कारखान्याला वीजविक्रीचा करार करणारा हवा.

यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची वाट पाहायची गरज नाही. २००३ च्या वीज कायद्यानुसार दरवाढीच्या प्रस्तावावर आयोगाला लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्याच लागतात. हेस्कॉमच्या प्रस्तावावरही दरवेळी सुनावणी होते. तिथे कारखानदारांचे प्रतिनिधी तयारीने येतात. घरगुती ग्राहक आणि शेतकरी बहुतेक वेळा गाऱ्हाणे घेऊन येतात, आकडे घेऊन नव्हे. पुढच्या सुनावणीत एखाद्या महाविद्यालयाच्या चार-पाच विद्यार्थ्यांनी जिल्ह्याचा हिशेब मांडून रीतसर हरकत नोंदवली, तर अभ्यासक्रम मंजूर होण्याआधीच त्याचा पहिला पाठ झालेला असेल.